ईनबाईंनी नावं ठेवली

निघायच्या आदल्या दिवशी मुग्धाचा पुण्याहून फोन आला. गाडीत पाणी किती न्यावं, डोक्याला ओला रुमाल कसा बांधावा हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि आई, एक लक्षात ठेव. तिथे जाऊन नावं ठेवू नकोस."

मुग्धा माझी मुलगी. गेल्या हिवाळ्यात तिचं नागपूरच्या निखिलशी लग्न झालं आणि आता दोघं पुण्यात असतात. मी चिपळूणला शिवणाचे वर्ग घेते. कुणाच्या ब्लाउजच्या काखेत चुणी पडली असेल तर मला ती रस्त्याच्या पलीकडून दिसते, आणि दिसली की तोंडातून निघून जाते. हे माझ्या नवऱ्याला, मुलीला आणि निम्म्या चिपळूणला माहीत आहे. लग्नात मला ताप भरला होता, म्हणून निखिलच्या गावचं घर तेवढं बघायचं राहिलं होतं. आता मे महिन्यात रसाच्या जेवणाचं बोलावणं आलं. आमच्या ह्यांना आंब्याच्या हंगामात बागेतून हलता येत नाही. तेव्हा हापूसची पेटी आणि मुलीची ताकीद घेऊन मी एकटीच निघाले.

मनीषनगर, सोमवार

आगगाडीतलं काही सांगत नाही. आगगाडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. नागपूरचं ऊन मात्र पाहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे घाम येतो. इथे घामसुद्धा यायचं धाडस करत नाही, आतल्या आतच वाळतो.

निखिलचे आईवडील, सुनंदाताई आणि प्रकाशराव, मनीषनगरात राहतात. विदर्भात विहिणीला ईन म्हणतात आणि व्याह्याला इवाई. आणि ईन घरी आली की तिला इकडची काडी तिकडे करू देत नाहीत. मी पाण्याचा पेला उचलून मोरीत ठेवायला गेले, तर सुनंदाताई धावत आल्या. "राहू द्या ना जी ईनबाई! काहून उठून राहिल्या तुम्ही?" मी बसले. मग कूलरसमोर बसून पन्हं पिण्यापलीकडे मला दिवसभर काही काम उरलं नाही.

संध्याकाळी त्या मला साडी घ्यायला गांधीबागेत घेऊन गेल्या. कापडाचा एवढा बाजार पाहून माझे हात शिवशिवले. दुकानदारानं पहिलीच साडी उलगडली, पोपटी, काठ भडक. माझ्या जिभेवर आलं होतं ते मी गिळलं आणि म्हणाले, "छान आहे." झालं! सुनंदाताईंनी तीच बांधायला सांगितली. मागून निघालेल्या सुरेख साड्यांकडे मी नुसतं बघत राहिले.

गाव, मंगळवार

सुनंदाताई आणि प्रकाशराव मला गावच्या घरी घेऊन निघाले. सक्करदऱ्यावरून उमरेड रोडला लागायचं आणि बरंच पुढे जाऊन आत वळायचं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वाचून चार माणसं गेलीच, तर तिथल्या कमलाबाई त्या सगळ्यांना जेवायला बसवतील आणि त्यांच्या कमरेचं दुखणं वाढेल.

कमलाबाई म्हणजे प्रकाशरावांच्या वहिनी. त्यांचे यजमान देवराव हे थोरले भाऊ. शेती आणि घर दोघं भावांचं, पण राहतात तिथे देवराव आणि कमलाबाई. दिवाळीला आणि उन्हाळ्यात सगळे जमतात.

घर बाहेरून अगदी साधं दिसतं. मातीची भिंत, तिला पांढऱ्या मातीचा पोतारा, वर उतरतं कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. आमच्याकडे घराला जांभ्याचा चिरा, तो लालभडक आणि उघडा. इथे सगळं मऊ, कोपऱ्याला धार म्हणून नाही. पुढची ओसरी, जिला ते सपरी म्हणतात, गाडीरस्त्यापर्यंत लांबलेली. तिच्यात एक भलीमोठी बंगई, म्हणजे आपला झोपाळा. देवराव दारातच उभे होते. उंच, सडसडीत, डोक्याला दुपट्टा.

"या जी ईनबाई. सांबाळून, खाली वाका..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं कपाळ चौकटीवर आपटलं.

चौकट सागवानी, वर कोरलेले दोन राघू आणि मध्ये कमळ. डोळ्यांपुढे काजवे चमकत असतानाही मला ते कोरीवकाम सुंदर वाटलं, यावरून ते किती सुंदर असेल बघा. "काही लागलं नाही," मी म्हणाले, "नक्षी छान आहे."

पण खरी गंमत आत गेल्यावर आहे. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत पाऊल टाकताच पाठीवरून कुणी ओला हात फिरवावा तसं झालं. पंखा बंद होता. भिंती दीड हात जाड. खिडकीच्या कोनाड्यात मी मांडी घालून बसले, तरी पुढे तांब्या ठेवायला जागा उरली. मनीषनगरात कूलर दिवसभर घुरघुरत होता, त्याला जे जमलं नव्हतं ते इथे माती गुपचूप करत होती.

दुपारी देवरावांनी मला घर दाखवलं. बोलणारा माणूस नव्हे, पण घराचा विषय निघाला की खुलतो. पणजोबांनी आधी फक्त माजघर आणि देवघर बांधलं. माती गावच्याच पांढरीची, लाकूड उमरेडकडच्या जंगलातलं, बैलगाड्यांनी आणलेलं. मग जसा कापूस पिकेल तसं एकेक खण वाढत गेला. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर मोजायचं ते खणांनी.

"हे खांब पाहा," ते म्हणाले. "माजघरातल्याले पुरी नक्षी. हे आजोबाचे, यायले खाली-वर थोडी. आन् सपरीचे आमच्या बाबूजीचे. साफ कोरे."

"असं का?"

"आजोबाले हौस होती, बाबूजीले पोरी होत्या."

सपरीच्या टोकाचा एक खांब मात्र वेगळाच, जरा वाकडा, काळपट. तो कडुनिंबाचा. आत्याच्या लग्नाच्या वर्षी सागवान परवडलं नाही, तेव्हा परसातलं झाड तोडून लावला. पुढे सागवान घ्यायची ऐपत आली, पण तो खांब कुणी बदलला नाही. लहानपणी सगळी पोरं त्यालाच धरून फेर धरायची, आणि देवरावांनीही बोलता बोलता त्याच्यावर हात टेकला होता. तेवढा भाग गुळगुळीत झालेला.

कोपऱ्यात माणूस उभा राहील एवढ्या धान्याच्या ढोल्या, मागे परसाच्या पडवीला लागून जुना गुरांचा कोठा, आता रिकामा, आणि अंगणाच्या पार टोकाला न्हाणी आणि संडास. कुठे जोड दिला, कुठे काय वाढवलं, ते सगळं दिसतं आणि तरी एकसंध वाटतं. एवढा चांगला जोड मी कापडातसुद्धा क्वचित पाहिला आहे.

देवघराशेजारच्या भिंतीपाशी मात्र मी थांबले. त्या भिंतीच्या एका पट्ट्याला पोतारा लावत नाहीत. तिथे हात उमटलेले होते. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेनं पहिल्या दिवशी हळदकुंकवात हात बुडवून तिथे ठसा द्यायचा. वरचे हात इतके पुसट की सांगितल्याशिवाय दिसू नयेत. त्याखाली देवरावांच्या आईचे, मग कमलाबाईंचे, मग सुनंदाताईंचे. आणि सगळ्यात खाली, अजून लालभडक, दोन लहान हात. उजव्या हाताची करंगळी बाहेर वळलेली.

लहानपणी मुग्धा पेरूच्या झाडावरून पडली होती आणि ती करंगळी पुन्हा कधी सरळ झाली नाही. मी तिथेच उभी राहिले. चिपळूणहून इतक्या लांब, एका परक्या मातीच्या भिंतीवर, माझ्या मुलीचा हात. डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत. देवराव दुपट्टा सारखा करत बाजूला झाले.

गाव, बुधवार

माझा हापूस सकाळी फोडून झाला. सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली. "चांगला आहे जी," कमलाबाई म्हणाल्या, आणि पेटी अदबीनं कोपऱ्यात सरकवली. तो सूर मला ओळखीचा वाटला, पण कुठला ते लगेच आठवेना. दुपारी आठवलं. गांधीबागेत पोपटी साडीला मी ज्या सुरात छान म्हटलं होतं, तोच.

दुपारी माजघरात कमलाबाई सरगुंडे करत होत्या. कणकेची बारीक पट्टी काडीभोवती गुंडाळायची, अलगद ओढून काढायची आणि वाळवायची. उकडून रसाबरोबर खातात. मला हात लावू देईनात, म्हणून मी आडवी होऊन छपराकडे बघत होते. कवेलूंमधून उन्हाचे कवडसे पडले होते, एक नाही, बरेच.

"कमलाबाई, आमच्याकडे एव्हाना कौलं चाळून होतात," मी म्हणाले. "तुमच्याकडे कधी?"

त्यांचा हात थांबला. "दरसाल अक्षयतृतीया झाली की हे फेरतेत कवेलू. स्वतः चढतेत." मग काडीवरची कणीक उगाच दाबत म्हणाल्या, "यंदा नाही फेरले जी. काहून फेराचे? घर पाडाचंच हाय तं."

मी उठून बसले. "पाडायचं? कशासाठी?"

"सुनेसाठी जी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मुग्धा आली तं तिनं विचारलं, संडास कुठी हाय म्हनून. अंगनाच्या पार गेली बिचारी, अंधार पडला होता. मंग प्रकाशभाऊजी म्हनाले, शहरातली पोरगी, मातीच्या घरात कशी राहीन? स्लॅबचं बांधू. ठेकेदार येऊन मापं घेऊन गेला. रस सरला का सुरू."

"आणि देवराव?"

"हे काय म्हनतीन? सुनेसाठी होते तं होऊ दे म्हनाले. तवापासून बंगईवर बसत नाहीत."

मुग्धाला कुणी विचारलं का, हे मी विचारलं. कमलाबाईंनी नाही अशी मान हलवली. सुनेला असं तोंडावर कसं विचारायचं? ती हो म्हणो की नाही, संकोचानंच म्हणाली असती. आणि ईनबाईंना विचारायचं तर सोयच नाही.

मी तशीच सपरीत गेले. देवराव त्या कडुनिंबाच्या खांबाशी बसले होते. मी सरळ म्हणाले, "भाऊ, घर पाडू नका. फार सुंदर घर आहे. मी असं घर पाहिलं नाही."

ते हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "तुमी ईन हाय जी. ईन घराले वाईट म्हनते काय कधी?"

मग मी प्रकाशरावांना गाठलं. त्यांनाही तेच सांगितलं, जास्त विशेषणं लावून. ते चक्क हात जोडून म्हणाले, "बडप्पन आहे जी तुमचं. पण आमाले समजते ना. तुमच्या पोरीची गैरसोय नाही होऊ देणार आमी."

माझं डोकं फिरलं! दोन दिवस मी चौकटीला छान म्हटलं, साडीला छान म्हटलं, चहात साखर ढीगभर होती त्यालाही छान म्हटलं. आता खरं छान म्हणायची वेळ आली तर माझ्या शब्दाला किंमतच राहिली नव्हती. इकडे थोरला भाऊ धाकट्याच्या सुनेसाठी गप्प, धाकटा सुनेच्या आईसाठी हौशी, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला पत्ता नाही. सगळे एकमेकांचा मान राखत होते आणि त्या मानापायी घर जाणार होतं.

दिवेलागणीला सपरीत पंगत बसली. पितळी वाट्यांतून गावरान आंब्याचा रस, आमच्या रायवळासारखा पातळ आणि केशरी, वर तूप, सोबत सरगुंडे, कुरडया आणि कोथिंबिरीचं सारण भरलेली सांबारवडी. मी पोपटी साडी नेसले होते. जेवणाबद्दल मी काही बोलत नाही. आठवलं तरी तोंडाला पाणी सुटतं आणि लिहिणं राहून जातं.

शेवटी प्रकाशरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काही कमी तं नाही ना पडलं जी ईनबाई?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. काही कमी नाही, भरून पावले, असं म्हणायचं आणि हात धुवायला उठायचं.

"पडलं," मी म्हणाले.

सुनंदाताईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"तुमची चौकट बुटकी आहे. माझ्या कपाळाला हे टेंगूळ आहे, बघा. माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. चुलीचा धूर बाहेर जायला वाट नाही, कमलाबाईंचे डोळे सारखे लाल. बंगई करकरते, तेल घाला तिला. पायऱ्या माझ्या गुडघ्यांच्या मापाच्या नाहीत. आणि संडास! अंगणाच्या पार टोकाला, वाटेत दिवा नाही, काल मी हातात काठी घेऊन गेले. काय मेलं तिथून विंचू निघाला असता म्हणजे! चहात साखर फार घालता. आणि ही साडी मला मुळीच आवडलेली नाही."

एवढं बोलून मी श्वास घेतला. मुलीचा संसार आपण इथेच मोडला, असं क्षणभर वाटलं. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"घराला एवढी नावं ठेवूनसुद्धा सांगते, हे घर मला आवडलं. मनापासून आवडलं. आता तरी खरं वाटेल का? संडासाची अडचण आहे तर संडास बांधा. मागे कोठा रिकामा पडलाय, पडवीतून दोन पावलांवर. त्यासाठी ती भिंत कशाला पाडता? माझ्या मुलीचा हात आहे त्या भिंतीवर. तिच्यासाठी तिचाच हात पाडणार तुम्ही?"

सगळे ताटाकडे बघत होते. मग कमलाबाईंनी घसा खाकरला.

"मंग मीबी खरं सांगू काय जी ईनबाई? तुमचा थो हापूस... रसाले नाही जमत. गोड हाय, पन निस्ता गोळा."

सुनंदाताईंना हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्या हापूसला नाव ठेवलेलं मी आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या संध्याकाळी ऐकून घेतलं, आणि बरं वाटलं.

देवराव मात्र हसले नाहीत. उठले, हात धुतले आणि मागे कोठ्याकडे गेले. थोड्या वेळानं प्रकाशरावही मोबाइल घेऊन अंगणात गेले. ते दोघं परतायच्या आतच कमलाबाईंनी माझी बाज घातली.

गाव, गुरुवार

सकाळी जाग आली ती आवाजानं. टणत्, टणत्, मग घासल्यासारखं, मग पुन्हा टणत्. मी माजघरात येऊन बसले होते आणि कमलाबाईंनी नुकताच चहा हातात दिला होता, या खेपेला साखर बेताची. तेवढ्यात वरून मातीची धार सुटली. अर्धी माझ्या केसांत, अर्धी चहात.

मान वर केली तर छपराला मोठं भोक पडलं होतं आणि त्यातून स्वच्छ निळं आकाश दिसत होतं. आकाशात देवरावांचं डोकं आलं.

"ईनबाई, सरका ना जी बाजूले! माती पडून राहिली. कवेलू फेरून राहिलो!"

मी अंगणात धावले. देवराव दुपट्टा कमरेला गुंडाळून छपरावर उकिडवे बसले होते. प्रत्येक कवेलू उचलायचा, बोटानं वाजवायचा, बद्द वाजला तर खाली टाकायचा, खणखणीत वाजला तर पुन्हा बसवायचा. शिडीवर प्रकाशराव उभे होते, शर्टाच्या बाह्या वर करून, नवे कवेलू वर देत.

"दादा, जरा हळू गा!" ते ओरडले. "माझ्या डोळ्यात गेली माती."

"तुले मापं घ्याची लय घाई होती ना? घे आता कवेलूचं माप!" देवराव वरून म्हणाले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कोठ्याच्या दारात चुन्याची नवी रेघ मारलेली होती. तिथे न्हाणी आणि संडास होणार, कमलाबाई म्हणाल्या, आणि चुलीवर धुराडं. चौकट मात्र आहे तशीच राहील. "ईनबाईनं वाकाची सवय करावी म्हनाले हे," असं सांगून त्या पदराआड हसल्या.

तेवढ्यात मुग्धाचा फोन आला.

"आई, काल निखिलच्या बाबांचा फोन आला होता. पहिल्यांदाच मला एवढं सरळ विचारलं त्यांनी, घर पाडू का म्हणून. मी म्हटलं, पाडताय कशाला? मला नुसता संडास जवळ हवा होता." मग तिचा आवाज संशयी झाला. "आई, तू तिथे नावं नाही ना ठेवलीस?"

मी वर पाहिलं. देवरावांनी शेवटच्या ओळीतला एक कवेलू बोटानं वाजवला, कान देऊन ऐकला आणि जागेवर बसवला.

"ठेवली गं," मी म्हणाले. "एकही शिल्लक ठेवलं नाही."